केवळ डीएनएसवर करिअर होऊ शकते का?

फोंडेकर (प्रश्न):
माझा भाचा फर्मागुढीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतो. बरोबरीची मुले एआयच्या मागे असताना याने जुन्या लॅपटॉपवर बाइंड नावाचे सॉफ्टवेअर बसवून स्वतःचा नेमसर्व्हर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारा संगणक) उभा केला आहे आणि पुढेही डीएनएस, म्हणजे डोमेन नावांच्या यंत्रणेतच काम करायचे म्हणतो. जाहिरातींत तर असे पद दिसत नाही. एवढ्या एका विषयावर पोट भरते का?

बार्देशकर:
भरते, मात्र पदाचे नाव बहुधा नेटवर्क इंजिनिअर किंवा सिस्टिम ॲडमिन असे असते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही यंत्रणा मांडली. पॉल विक्सी यांनी तर शाळाही पूर्ण केली नव्हती. नोकरीत असताना त्यांनी बाइंडची देखभाल अंगावर घेतली, १९९४ मध्ये त्यासाठी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि २०११ मध्ये जपानच्या केइओ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांना २००८ मध्ये डीएनएसमध्ये जो दोष सापडला, त्यात उत्तराची ओळख पटवणारा क्रमांक अवघा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांचा असल्याने खोटे उत्तर घुसवणे सोपे होते. त्यांनी तो लगेच जाहीर न करता विक्सींसारख्यांना आधी सांगितला आणि ८ जुलैला अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्त्या आणल्या. या क्षेत्रात पत मिळते ती अशा संयमामुळे.

तिसवाडीकर:
थोरामोठ्यांची उदाहरणे ठीक आहेत, पण रोजचे काम फार साधे असते, हेही भाच्याला कळू द्या. कळंगुटच्या एका गेस्टहाउसची मेलसेवा दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची होती. तिच्या डीएनएस नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ साठवून ठेवावी तो काळ) ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवसाचा होता. तो आदल्या दिवशीच ३०० वर आणला नसता, तर नोंद बदलल्यावरही काहींच्या कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, दिवसभर जुनाच पत्ता राहिला असता आणि ऐन डिसेंबरात बुकिंगची पत्रे जुन्या सर्व्हरवर जात राहिली असती. असे काम नीट झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही, त्यामुळे कौतुकाची हौस असलेल्याने या वाटेला जाऊ नये. गोव्यात राहून निव्वळ एवढेच काम मिळणे मला कठीण वाटते. पुणे, बंगळूर किंवा घरून परदेशी कंपनीचे काम, असे पर्याय धरून चला.

पेडणेकर:
आपल्या लिपीतही करण्यासारखे बरेच आहे. देवनागरीतील .भारत हे डोमेन २०१४ पासून मिळते, तरीही अनेक संकेतस्थळांचे फॉर्म असा ईमेल पत्ता चुकीचा ठरवतात. शिवाय ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो: नुक्त्याच्या ऱ ने किंवा साध्या र पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी वेगळे, त्यामुळे फसवणुकीला वाव राहतो. हे प्रश्न मराठी येणाऱ्या तंत्रज्ञाला जितके चटकन उमजतील तितके इतरांना नाही. भाच्याला आधी आरएफसी १०३४ आणि १०३५ हे डीएनएसचे मानक दस्तऐवज सावकाश वाचायला सांगा. १९८७ चे असले तरी पाया तोच आहे.