रोज वाचन, प्रार्थना सगळं चालू आहे, पण देवाशी जवळीक काही वाढत नाही. तुम्ही नक्की काय करता?

पलासियाचा_पांथस्थ (धागाकर्ता)

सगळ्यांना जय ख्रिस्त. बरेच दिवस नुसतंच वाचतोय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबा नोकरीनिमित्त इंदूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी, मुलं आपसात जे बोलतात ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. संडे स्कूल, वचनं पाठ करायच्या स्पर्धा, नाताळच्या नाटकात दरवर्षी मेंढपाळ (उंची कमी, त्यामुळे बाळ येशूला भेटायला येणारा मागी राजा कधी मिळालाच नाही), मग दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करायचा विधी, मग कॉयर, हे सगळं रीतसर झालंय. आजही रोज सकाळी मोबाईलवर वचनाचा प्लॅन आहे तो वाचतो, हिरवी टिक येते, डोळे मिटून प्रार्थना, डबा उचलला की निघालो.

आता मुद्दा. वाचताना डोळे ओळींवरून जातात आणि डोकं जीएसटीच्या रिटर्नमध्ये असतं. बायबलातल्या यिर्मयाचा अख्खा अध्याय वाचून होतो, टिकही येते, पण कोणी विचारलं काय वाचलंस तर तोंड उघडणार नाही. प्रार्थना म्हणाल तर किराणावाल्याला यादी वाचून दाखवावी तशी, मुलाची परीक्षा, आईचा गुडघा, ऑफिसमधली शांती, आमेन. आणि आमची बायको शुक्रवारच्या फेलोशिपहून येते तेव्हा तिचा चेहराच वेगळा असतो, म्हणते आज प्रभू माझ्याशी बोलला. मी विचारतो म्हणजे नक्की झालं काय, तर म्हणते तुम्हाला नाही कळायचं. यात मला हेवा वाटतो की राग येतो तेही समजत नाही.

पाळकसाहेबांना विचारलं, ते म्हणाले प्रार्थना वाढवा. माणूस चांगला आहे, पण वाढवा म्हणजे काय, यादी लांब करू? देवाशी नातं वाढतं म्हणजे काय वाढतं, आणि तुम्ही लोक घराच्या धावपळीत प्रत्यक्षात करता काय, ते सांगा. नुसतं 'विश्वास ठेवा' लिहायचं असेल तर कृपया नको, ते मला माहितीये.

माळव्यातली_मावशी

भाऊ, तुमचं वाचून मला पंडिता रमाबाईच आठवल्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, मग अमेरिकेत व्याख्यानं, १८८९ ला मुंबईत शारदासदन, म्हणजे विधवांसाठी एवढं मोठं काम उभं केलं बाईंनी, आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण त्या धर्माचा प्राण म्हणजे ख्रिस्त, तो मिळालाच नाही अजून. हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय, कोणी मागून चिकटवलेलं नाही. एवढी विदुषी, शास्त्रं तोंडपाठ, चांगल्या कामात बुडालेली, तिला आठ वर्षं लागली तर तुम्ही आम्ही कोण. टिका मोजत खुशीत बसला असतात तर मला जास्त काळजी वाटली असती.

आता मी काय करते ते. तुमचा तो प्लॅन थोडे दिवस बंद ठेवा. मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, चारांत सगळ्यात लहान. एका वेळी एकच प्रसंग वाचायचा, पुढे जायची घाई नाही. समजा दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय आला. लोक त्याला गप्प बस म्हणतायत, तो आणखी ओरडतोय, येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं म्हणतोस? बस, तिथेच पुस्तक मिटायचं. तो प्रश्न आपल्याला विचारलाय असं धरून उत्तर द्यायचं, तोंडाने, आवाज काढून. गंमत अशी होते की पहिल्यांदा तीच यादी बाहेर पडते, गुडघा बिडघा, आणि ती संपली की मग पंचाईत होते, कारण आपल्याला खरं काय हवंय ते आपल्यालाच माहीत नसतं. त्या पंचाइतीत जरा बसून राहायचं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो खोलीत जा, दार लावून घे. आमच्याकडे दोन खोल्या आणि सहा माणसं, दार लावणार कुठलं! मी पहाटे दूधवाला यायच्या आधी ओट्यापाशी स्टुलावर बसते. चहा टाकत नाही तेव्हा, कारण आल्याचा वास गेला की सासरे उठून येतात.

जुनाकरार

मावशींशी निम्मा सहमत. रमाबाईंचं शंभर टक्के खरं, पण प्लॅन बंद करा हे अजिबात पटलं नाही. ज्या दिवशी मन लागत नाही त्या दिवशीही माणूस जागेवर हजर असतो याला काही किंमत आहे की नाही? हल्ली सगळ्यांना 'अनुभव' पाहिजे. अंगावर काटा आला तर देव आला, नाही आला तर देव नाही, असलं स्तोत्रसंहितेत कुठे आहे दाखवा. ८८ वं स्तोत्र काढून वाचा. रात्रंदिवस ओरडतोय, तू तोंड का लपवतोस विचारतोय, आणि शेवट होतो तो अंधारातच, नेहमीसारखं 'तरीही मी तुझी स्तुती करीन' सुद्धा नाही शेवटी. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे देवाला असं बोललेलं चालतं. धागाकर्त्याने इथे आम्हाला जेवढं मोकळेपणाने लिहिलंय तेवढं देवाला कधी सांगितलंय का? 'प्रभू, तुझं वचन वाचताना मला कंटाळा येतो' हे वाक्य प्रार्थनेत म्हणून बघा एकदा.

मदर तेरेसांची पत्रं त्या गेल्यावर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, छापून आली. कितीतरी वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं असं त्यात आहे, आणि त्या सगळ्या काळात पहाटेची प्रार्थना आणि काम चालूच होतं.

आणि एक, झोप किती होते तुमची? एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे १९), तर देवाने आधी दूत पाठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. उपदेश त्याच्या नंतर.

शुक्रवारवाली

मी धागाकर्त्यांची बायको नाही हे आधी सांगते 😀 पण मी तीच बाई आहे, फेलोशिपमध्ये गाणं सुरू झालं की रडणारी. भाऊ, माझा मुळात स्वभावच रडका आहे, मला टीव्हीवरच्या जाहिराती बघून पण रडू येतं, तेव्हा वहिनींचे डोळे भरतात म्हणजे त्या देवाच्या जवळ आणि तुम्ही लांब असं काही धरू नका. गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ सांगितलंय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता वगैरे, त्यात अश्रू कुठे आहेत? माझी सहनशीलता वाढली का ते आमच्या धाकट्या जावेला विचारा, माझ्या रुमालाला नको.

आणि घरात दोघांची चाल सारखी असायला हवी हे कोणी सांगितलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० ला. मधली वर्षं त्या माउलीने काय काय काढली असतील, आणि घाई करून नवऱ्याच्या मागे गेल्या नाहीत, स्वतःला पटलं तेव्हाच गेल्या.

मात्र 'तुम्हाला नाही कळायचं' हे वहिनींनी म्हणायला नको होतं.

नाइटड्यूटी_सिस्टर

सिस्टर म्हणजे नर्स, नन नाही, दरवेळी गैरसमज होतो. मी कॅथलिक आहे, आमच्याकडे संत इग्नाशियस लोयोलांची एक पद्धत आहे, येशूसंघाची, सोळाव्या शतकापासूनची, त्यात दिवस संपताना तो दिवस देवासोबत बसून परत बघायचा. आधी आभार, मग 'मला नीट बघता येऊ दे' अशी प्रार्थना, मग सकाळपासून रात्रीपर्यंत सगळा दिवस ओळीने आठवायचा, कुठे मन मोकळं झालं, कुठे आखडलं, जिथे आखडलं तिथे क्षमा मागायची आणि उद्याचं मागणं. दहा पंधरा मिनिटं लागतात.

माझा दिवस सकाळी संपतो, त्यामुळे मी हे सिटी बसमध्ये खिडकीपाशी बसून करते. उदाहरण सांगते. परवा वॉर्डात एका आजोबांचा नातू रात्री दोनला माझ्यासाठी कागदात पोहे बांधून घेऊन आला, वरून शेव, जिरावण सगळं, आणि मी फाइल भरत होते म्हणून ठेव तिथे एवढंच म्हटलं. बसमध्ये तो कागद डोळ्यासमोर आला, तेलाने पारदर्शक झालेला. त्या रात्री माझी कोणी आठवण ठेवली होती हे मला तेव्हा दिसलं. देव बोलला का, तर आवाज बिवाज काही नाही. पण रोज असं बघत गेलं की तो कुठे कुठे येऊन जातो ते हळूहळू ओळखू यायला लागतं.

एक विचारू का? मी हे करताना एक गोष्ट पक्की कळली, की दिवसातला एखादा तुकडा मी दरवेळी भराभर ओलांडते. तुमचा असा तुकडा कुठला?

पलासियाचा_पांथस्थ

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मावशी, मार्क सुरू केलाय. जुनाकरार काका (काकाच असाल असं धरतो), प्लॅन बंद नाही केला, तो दुपारी जेवताना वाचतो, म्हणजे दोघांचंही ऐकलं. कंटाळा येतो हे देवाला सांगून टाकलं. विचित्र वाटलं, पण प्रार्थनेत पहिल्यांदाच काहीतरी खरं बोललो असंही वाटलं.

सिस्टरताईंच्या प्रश्नाने मात्र रात्री झोप लागली नाही. तुकडा आहे. प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही ओळ येते ना, तिथे माझा वेग वाढतो. वडील गेल्यावर मोठ्या भावाने रामबागेतल्या घराचे कागद परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतले, आईची सही कशावर घेतली ते तिला सांगितलंसुद्धा नाही. आता आई माझ्याकडे आहे आणि केस कोर्टात. नाताळला तो चर्चमध्ये चार बाक पुढे बसतो, मी त्याची मान बघत गाणी म्हणतो. आता याचा देवाशी माझ्या नात्याशी काय संबंध, दोष तर त्याचा आहे, असं मी आजवर धरून चाललोय.

नाइटड्यूटी_सिस्टर

दोष त्याचाच आहे भाऊ, तुम्ही सांगितलंत त्यावरून तरी. पण तुम्ही इंदूरचे आहात म्हणून सांगते, सिस्टर राणी मारिया माहीत असतील. केरळच्या, आपल्या शेजारी देवास जिल्ह्यात उदयनगरला काम करायच्या, सावकारीत अडकलेल्या गरीब शेतमजुरांना स्वतःच्या पायावर उभं करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येताना बसमध्येच सगळ्यांसमोर त्यांना भोसकून मारलं. ज्याने मारलं तो जन्मठेपेवर गेला. त्यांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. पुढे राणी मारियांच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो सुटला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये राणी मारियांना इथे इंदूरला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा मी त्या गर्दीत होते.

मला त्यातल्या तारखाच जास्त बोलतात. १९९५ आणि २००२. मधली वर्षं त्या बहिणीने देवाशी काय काय भांडण केलं असेल! कोणी तिला पहिल्याच रविवारी क्षमा कर म्हटलं असतं तर मला नाही वाटत तो धागा बांधला गेला असता.

जुनाकरार

सिस्टरताई, छान लिहिलंत, पण इथे एक ब्रेक लावतो. आपल्या मंडळ्यांमध्ये ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच 'क्षमा कर, केस मागे घे' म्हणून दाबतात आणि ज्याने घर लाटलं तो पुढच्या बाकावर वर्गणी देत बसतो, हे मी भरपूर बघितलंय. राणी मारियांच्या बहिणीने क्षमा केली पण तो माणूस तोवर तुरुंगातच होता, हे विसरू नका. क्षमा आणि कागद वेगळे. आईचा हक्क आहे, केस चालू द्या. रोमकरांस बाराव्या अध्यायात पौल म्हणतो, साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. 'साधेल तर' हे त्यानेच घातलंय.

पण तुमचा संबंध काय हा प्रश्न, त्याला योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही आणि न दिसणाऱ्या देवावर आहे, असं होत नाही म्हणतो तो. तुम्ही देवाजवळ जाता आणि तो बरोबर त्याच विषयावर येतो, म्हणून तुम्ही लवकर आमेन म्हणून उठता. कोरडेपणाचं सगळं कारण हेच असं मी म्हणणार नाही, रिटर्नची तारीख पण असेलच.

(काकाच आहे. सेवानिवृत्त.)

माळव्यातली_मावशी

जुनाकरार, आज तुमच्याशी पूर्ण सहमत, नोंद करून ठेवा.

भाऊ, भेटायला जाऊ नका एवढ्यात. त्याचं नाव घेऊन प्रार्थना करता येते का तेवढं बघा. सुरुवातीला चांगलं मागवत नाही तोंडाने, मग नुसतं नाव घ्यायचं आणि थांबायचं. शिवी आली तर तीही देवासमोरच द्यायची, बाहेर देण्यापेक्षा बरी.

पलासियाचा_पांथस्थ

वकिलाला काही सांगणार नाही, तारीख आहे ती आहे. नाव घेऊन बघितलं काल. लहानपणीचं नाव तोंडात आलं, कोर्टाच्या कागदावरचं नाही, आणि त्याच्या पुढे काही सुचलं नाही. शिवी आली नाही पण आशीर्वादही नाही.

बायकोला विचारलं की तुझ्याशी प्रभू बोलतो म्हणजे नक्की काय होतं, या वेळी भांडायला म्हणून नाही विचारलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, बहुतेक वेळा तो तुमच्याबद्दलच बोलतो. पुढचं सांगायला तयार नाही.

मार्कचा पहिला अध्याय चाललाय, पहाटे अंधारात उठून येशू एकटाच प्रार्थनेला जातो आणि शिष्य शोधत येऊन म्हणतात की सगळे तुला शोधतायत, इथपर्यंत आलो. सिस्टरताई, ते दिवस परत बघायचं तुम्ही बसमध्ये करता, मी गाडी स्वतः चालवतो, मग घरी आल्यावर करू की पार्किंगमध्ये बसून?

नाइटड्यूटी_सिस्टर

पार्किंगमध्ये. घरात शिरलात की संपलं.