सल्ला हवा: खेड्यातल्या शाळेचं उन्हाळी नेतृत्व शिबिर, शिक्षकांनी हात कुठे घालायचा?

रानफूल
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात हायस्कूलला शिकवते. निकाल लागला की मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आठवी-नववीच्या ४० मुलामुलींचं चार दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं ठरतंय. आम्ही चार शिक्षक, त्यात दोघी बायका. पैसा २५ हजार, त्यातले बरेचसे गावातल्या लोकांनी दिलेले. याच्यावर एक रुपया मिळणार नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शिबिर कुठे घ्यावं ही एक. दुसरी जास्त महत्त्वाची. आमची मुलं हुशार आहेत, पण "मॅडम, आता काय करू?" याच्यापुढे जात नाहीत. शिबिरातही घंटी आम्हीच वाजवली, रांगा आम्हीच लावल्या, तर मग शिबिर कशाला? आणि आम्ही बाजूला झालो की दोन-चार बोलकी पोरं सगळं ताब्यात घेतात, बाकीची भिंतीला टेकून बसतात. ज्यांनी स्वतः असं शिबिर घेतलंय त्यांनी सांगावं.

सातपुड्याचा_भाऊ
मॅडम, डोळे झाकून चिखलदरा. अकराशे मीटरच्या आसपास उंची, खाली अमरावती भाजून निघते तेव्हा वर रात्री पांघरूण लागतं. आम्ही नेली होती मुलं. पंचबोल पॉइंटला एकेकाने आवाज दिला, दरीतून परत आला, पोरं वेडी झाली. ट्रॅव्हल्सची गाडीच ३५ हजारांना पडली, पण अजून आठवण काढतात.

रानफूल
भाऊ, सगळं मिळून २५ आहेत.

सातपुड्याचा_भाऊ
होतात हो जमा. गावातल्या नोकरीवाल्यांना फोन लावा. चांगल्या कामाला पैसा कमी पडत नाही.

कापूसवाला
मॅडम, मे महिन्यात काहून घेता? आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते. माही पोरगी गेलती एका शिबिरात. टिनाच्या शेडात ठेवलं पोट्ट्यायले, कूलर एकच, तोबी मास्तर लोकायच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या करत घरी आली. दिवाळीत घ्या, नाहीतर घेऊच नका.

निवृत्त_हेडमास्तर_वर्धा
दिवाळीच्या सुट्टीत कापसाची वेचणी असते. तेव्हा तुम्हीच पोरांना शेतातून सोडणार नाही, हे मी नोकरीभर पाहिलंय. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे मे-जूनच मोकळा.

आता मुख्य मुद्दा. हात आवरण्याची भाषा मला पटत नाही. पहाटे साडेचारला उठवा, प्रार्थना, श्रमदान, मोबाईल पहिल्याच दिवशी कपाटात. ज्याला आज्ञा पाळता येत नाही त्याला पुढे चार माणसं सांभाळता येत नाहीत. एक दिवस सेवाग्रामला न्या. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले, ती मातीची कुटी मुलांनी बघितलीच पाहिजे. भाषणापेक्षा ते जास्त काम करतं.

नर्सताई_चंद्रपूर
जागा कुठलीही घ्या, उन्हाचं आधी ठरवा. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ मैदानावर काहीही नको, श्रमदानसुद्धा नाही. मुलं तहान लागेपर्यंत पाणी पीत नाहीत, तेव्हा ठरावीक वेळाने प्यायला लावायची. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय, हे मुलामुलींना स्पष्ट सांगा, लाजू नका. ओआरएसची पाकिटं ठेवा. संपली तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

एखादं मूल असंबद्ध बोलायला लागलं, चालताना झोक जायला लागला, अंग भाजत असेल, तर ते ऊन लागणंच समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. खिशात कांदा ठेवून हे टळत नाही.

कापूसवाला
ताई, कांद्याले नावं ठेवू नका. आमचा बुढा सारी उमर डोक्याले दुपट्टा अन् खिशात कांदा घेऊन वावरात राहिला, त्याले कधी ऊन नाही लागलं.

नर्सताई_चंद्रपूर
दादा, त्यांना दुपट्ट्याने वाचवलं. कांदा जेवणात खा की, कोण नाही म्हणतंय.

अकोल्याची_मॅडम
कांद्याचं नंतर बघा. मुली किती आहेत? त्यांच्या झोपायच्या खोलीला आतून कडी आहे का? संडासात बादली, दिवा आणि पॅड टाकायला झाकणाचा डबा? आमच्या मुलींना एका ठिकाणी "बाई मुक्कामाला आहेत" असं सांगून नेलं आणि संध्याकाळी बाई घरी निघून गेल्या. रात्रभर मुली संडासला गेल्या नाहीत. सकाळी सगळ्यांचा चेहरा उतरलेला, आणि दुपारी म्हणे "मुली पुढे येऊन बोलत नाहीत". कशा बोलतील?

तुम्ही दोघी आहात तर दोघींनी मुक्काम करायचा. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत बोलावणार नाही, हे पहिल्या सभेत मुलांसमोरच सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्यावर लिहून ठेवा. पालकांची लेखी संमती घ्या आणि त्यात आजार, औषधं, फिट येते का, हे विचारा.

प्रशिक्षक_नागपूर
मी व्यक्तिमत्त्व विकासाची सत्रं घेतो. दोन दिवसांचे १५ हजार, प्रोजेक्टर माझा. मुलांना स्टेजवर बोलतं करून दाखवतो.

निवृत्त_हेडमास्तर_वर्धा
स्टेजवर बोलणं म्हणजे नेतृत्व नव्हे.

गडचिरोली_गुरुजी
रानफूल मॅडम, तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यांनी बाजूला ठेवला, म्हणून लिहितो. आश्रमशाळेतल्या मुलांची अशी शिबिरं घेतली आहेत.

मुलांना भाषण देऊ नका, खरं काम द्या. खरं म्हणजे ज्यात चूक झाली तर सगळ्यांना अडचण होते असं. पाणी, स्वयंपाक, झाडलोट, हिशेब, असे गट करा. गटाचा प्रमुख रोज बदलायचा, म्हणजे बोलक्या पोराचाही नंबर एकदाच येतो. संध्याकाळी सगळे गोल बसतात आणि दिवसाचं काय अडलं ते बोलतात. त्या बैठकीला शिक्षकांनी वर्तुळाच्या बाहेर बसायचं. विचारलं तरी लगेच उत्तर द्यायचं नाही, "तुमच्यापैकी कोणाला काय वाटतं?" म्हणायचं आणि शांत राहायचं. ती शांतता शिक्षकाला फार जड जाते. पण तेवढ्यातच मागचं कोणीतरी तोंड उघडतं.

एक प्रसंग सांगतो. पाण्याच्या गटात एक मुलगी होती, वर्गात हजेरीपुरतं बोलणारी. तिने प्यायच्या रांजणाच्या कडेला आत काडी उभी केली, तिच्यावर खुणा केल्या आणि दर वेळी पाणी कुठवर आलं ते वहीत मांडलं. दुपारी पाणी झपाट्याने खाली गेलेलं. मुलं खेळून आली की प्यायच्या पाण्याने पाय धुतात हे तिला त्या वहीवरून कळलं. संध्याकाळी ती वही घेऊन उभी राहिली. मुलं अंगावर आली, "आम्ही नाहीच धुतले". मला मध्ये बोलायचा मोह होत होता. तिने फक्त वेळा वाचून दाखवल्या. मग एका मुलानेच सुचवलं, पाय धुवायला वेगळा ड्रम ठेवू. दुसऱ्या दिवशी ड्रम होता.

हात घालायचा तो तीन ठिकाणी: जीवाला धोका, कोणाचा अपमान किंवा छळ, आणि मुलींची-लहानांची सुरक्षितता. तिथे चर्चा नाही, तिथे शिक्षकाचा शब्द. बाकी भात करपला तर करपलेला खायचा.

जमलं तर एक दिवस मुलांची ग्रामसभा भरवा. खऱ्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी तेवढी हजेरी लागते, हे आधी मुलांना शोधू द्या, मग आपल्या गावात तेवढी असते का ते ग्रामसेवकांना जाऊन विचारू द्या. आमच्याकडे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे निर्णय मतदानाने नाही, सर्वसहमतीने होतात, आणि विषय समजून घ्यायला अभ्यास गट वेगळा बसतो. मुलांनी हीच पद्धत वापरली की हात वर करून पटकन निकाल लावायची सवय मोडते.

सातपुड्याचा_भाऊ
हे सगळं चिखलदऱ्यालाही करता येईल.

अकोल्याची_मॅडम
कडीचं उत्तर मिळालं नाही.

रानफूल
मॅडम, मुलींच्या खोलीला आतून कडी आहे. दिवा नाही, बसवून घेते. आम्ही दोघी मुक्कामाला आहोतच.

सहकाऱ्यांशी बोलून ठरवलं. शिबिर मे मध्येच आणि आमच्याच शाळेत. भाऊ, चिखलदऱ्यात मुलं पाहुणी होतील. इथे विहीर त्यांची, किराणा दुकानदार ओळखीचा, ग्रामपंचायत समोर. सर, सेवाग्राम यंदा नाही, गाडीतच पैसे जातील. ११ ते ५ खोलीत, कौलारू इमारतीत, टिनाच्या शेडात नाही.

आणखी एक ठरलंय, ते कोणालाच आवडणार नाही. जेवणाचे १२ हजार आम्ही हिशेबाच्या गटाच्या हातात देणार. चार दिवसांचा बाजार तीच मुलं करतील. मोबाईलचा नियमही पहिल्या रात्री तीच ठरवतील.

निवृत्त_हेडमास्तर_वर्धा
लोकवर्गणीचा पैसा आहे, बाई. हिशेब चुकला तर गावाला तोंड तुम्हाला द्यावं लागेल.

गडचिरोली_गुरुजी
मीही एवढी रक्कम एकदम दिली नसती. रोजची रोज द्या.

रानफूल
एकदम दिली तरच चौथ्या दिवशीची डाळ पहिल्या दिवशी आठवेल ना, गुरुजी. मुलं रोज रात्री हिशेब फळ्यावर मांडतील, तो फळा व्हरांड्यात राहील, गावाने येऊन बघावा.

वायरमन_पुसद
शाळेत कूलर लावणार असाल तर अर्थिंग तपासून घ्या. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना प्लग काढलेला असला पाहिजे, नुसतं बटण बंद करून चालत नाही. आणि हे काम पाण्याच्या गटाला देऊ नका, मोठ्या माणसाने करायचं.

रानफूल
दादा, हे कोणाच्याच डोक्यात नव्हतं. उद्याच आमच्या वायरमनला बोलावते. कूलर भरायचं काम आमच्या सरांकडे.