चवदार तळ्याचा दावा: बाबासाहेब वकील म्हणून न्यायालयात नेमके काय जिंकले?

धुऱ्यावरचा (प्रश्न)

सर्वांना सविनय जय भीम.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. येत्या 20 मार्चला विहारातील वाचनालयात महाडविषयी बोलण्याचे काम याही वर्षी माझ्याकडे आले आहे. सत्याग्रहाचा भाग आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ आहे. 1927 साली बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि नंतर 108 घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. त्यापुढे मात्र प्रत्येक वक्ता ‘आणि पुढे बाबासाहेबांनी न्यायालयातही विजय मिळवला’ एवढ्या एका वाक्यात दहा वर्षे ओलांडून जातो. मीही तेच करीत आलो.

गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, ‘न्यायालयाने अस्पृश्यता चुकीची आहे असे म्हटले का?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी सांगतो, असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि ते पुढचे वर्ष आता आले आहे. हा दावा कोणी लावला, तो कोणत्या मुद्द्यावर निकाली निघाला आणि त्यात बाबासाहेबांची वकिली कुठे दिसते, हे जाणकारांनी सांगावे.

दिवाणी_वहिवाट

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. न्यायालयाने तसे म्हटले नाही, पण जे म्हटले तेही लहान नव्हते.

पहिली गोष्ट म्हणजे हा दावा बाबासाहेबांनी लावलेला नव्हता. महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी तो 12 डिसेंबर 1927 रोजी लावला आणि बाबासाहेब त्यात प्रतिवादी होते. कायद्याच्या अहवालांत तो ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या नावाने सापडतो. तळे आमचे आहे, निदान ते वापरण्याचा हक्क तरी फक्त स्पृश्यांचा आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येणे ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. मालकीचा मुद्दा टिकला नाही, कारण तळे नगरपालिकेकडे होते. त्यामुळे सगळा भार वहिवाटीवर आला.

‘वहिवाट’ हा शब्द आपल्या भागात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पांदण कोणी अडवली की शेतकरी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करतो आणि स्थळपाहणीच्या दिवशी निंबाच्या सावलीत दोन म्हातारे साक्षीला बसतात. ‘या वाटेने बंडी केव्हापासून जाते?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते: ‘आमच्या आज्यापासून.’ मग समोरचा वकील विचारतो, ‘आज्याला बंडी हाकताना तुम्ही पाहिले का?’ तेथे म्हातारा धुऱ्याकडे पाहू लागतो. तहसीलदारापुढे एवढ्याने अर्ज बुडत नाही, कारण तेथे मुख्यतः वाट वापरात होती का आणि अडथळा सहा महिन्यांच्या आतला आहे का, एवढेच पाहिले जाते. ज्याला रूढीलाच कायद्याचे बळ मिळवून द्यायचे आहे, त्याची गोष्ट वेगळी. ती रूढी प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी आहे हे त्याला सिद्ध करावे लागते आणि शाबितीचे ओझे सर्वस्वी त्याच्यावरच असते.

महाडच्या वादींना नेमके हेच जमले नाही. अस्पृश्य लोक त्या तळ्यावर पाणी भरत नव्हते, ही वस्तुस्थिती कोणी नाकारत नव्हते. परंतु ते भरत नव्हते आणि त्यांना भरू न देण्याचा हक्क आम्हांला होता, ही दोन विधाने वेगळी आहेत. तळ्याभोवती सवर्णांची वस्ती होती. ज्याचे घर तिकडे नाही तो तिकडे फिरकला नाही, एवढ्यावरून त्याला हक्काने वगळले होते असे ठरत नाही. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अनादि वहिवाट शाबीत झालेली नाही असे ठरवून वादींचे अपील फेटाळले. ती शाबीत झाली असती, तर अशी वहिवाट वाजवी आहे की सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, हे पाहावे लागले असते. पण ती वेळच न आल्यामुळे त्या प्रश्नाचा निर्णय झाला नाही.

जाता जाता सांगतो, 1922 साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच ब्रूमफील्ड होते.

निवृत्त_गुरुजी

वकीलसाहेबांनी निकाल उलगडून सांगितलाच आहे. मी त्याच्या आधीच्या एका प्रसंगाकडे लक्ष वेधतो, कारण बाबासाहेबांमधला वकील मला तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

दावा दाखल झाल्यावर दोनच दिवसांत, 14 डिसेंबरला, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. सत्याग्रह परिषद 25 तारखेपासून होती आणि हजारो माणसे महाडकडे निघालेली होती. परिषदेसाठी गावात जागा मिळेना, तेव्हा एका मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. पहिल्या दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले आणि लोक तळ्यावर जाण्यास उतावीळ होते. अशा वेळी, स्वतः बोलावलेल्या त्या लोकांसमोर उभे राहून, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आपण हुकूम मोडायचा नाही, असे सांगणे आणि ते त्यांच्या गळी उतरवणे, ही गोष्ट ओंजळभर पाणी पिण्यापेक्षा कमी कठीण नव्हती. अखेर तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कोणी हात लावला नाही आणि मंडळी परतली. हुकूम मोडला असता तर लढा सवर्णांशी न राहता सरकारशी झाला असता, हा हिशेब त्यामागे होता, असे मला वाटते.

आणखी एक बाब भाषणात जरूर सांगा. सनद घेण्यासाठी त्यांच्याजवळ पैसे नव्हते, तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. 1923 पासून त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देण्यास नाखूश असत. जिल्हा न्यायालयांतली कामे आणि संस्थांमधून शिकवणे यांवर घर चाले. तरीही 1926 साली जेधे-जवळकर प्रकरणात पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीच्या लोकांना निर्दोष सोडवले, आणि पुढे संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने ते उभे राहिले. कर्व्यांचा खटला ते हरले. आपल्याकडे हरलेले खटले कोणी सांगत नाही. मला विचाराल तर तोच आधी सांगावा.

वर्धाकाठ

क्षमा करा, पण मला ही चर्चा थोडी खटकते. शाबितीचे ओझे, स्थळपाहणी, आज्याची बंडी, हे सर्व ठीक आहे. मात्र त्यातून महाडचा लढा म्हणजे पुराव्याअभावी सुटलेले एक दिवाणी प्रकरण, असे चित्र उभे राहते. न्यायालयाने अस्पृश्यतेला हात न लावता बाजूने निकाल दिला, तर त्याला विजय तरी कोणत्या अर्थाने म्हणायचे?

आपल्या वऱ्हाडातले उदाहरण घ्या. नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला. त्याच सुमारास पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. तेही बॅरिस्टरच होते, पण येथे काम झाले ते ठरावाने आणि लोकांच्या रेट्याने. वहिवाट किती जुनी आहे हे कोणी मोजत बसले नाही.

दिवाणी_वहिवाट

आपली हरकत योग्य आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ठरावाचे बळ केवढे असते, तेही महाडमध्येच दिसले. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 साली मंजूर केला, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 साली तळे खुले केल्याचे जाहीर केले आणि 1927 साली, प्रत्यक्षात कोणी पाणी प्यायल्यावर, तोच ठराव मागे घेतला. ठराव करणाऱ्यांना तो फिरवताही येतो. उच्च न्यायालयाचा निकाल नगरपालिकेला फिरवता येत नाही.

तरीही 1937 चा विजय अपुरा होता, हे मला मान्य आहे आणि बाबासाहेबांइतके ते कोणाला कळले असेल असे मला वाटत नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या गावच्या वादींनी अधिक जुने कागद आणले असते, तर तेथे निकाल उलट लागू शकला असता. आता राज्यघटनेचे कलम 13 काढून पाहा. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा शून्य ठरेल असे सांगताना ‘कायदा’ या शब्दातच रूढी आणि परिपाटी यांचा समावेश तेथे केलेला आहे. म्हणजे वहिवाट हजार वर्षांची आहे असे कोणी ताम्रपट आणून सिद्ध केले, तरी तिचा उपयोग नाही. कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते ही नावे घेऊन लिहिलेली आहेत आणि कलम 17 ने अस्पृश्यताच नष्ट केली. घटना अनेकांनी मिळून घडवली हे खरे. पण मसुदा समितीचा अध्यक्ष तळ्याच्या दाव्यात नऊ वर्षे प्रतिवादी होता, हे ठाऊक असणाऱ्याला कलम 15 मधील ‘तलाव’ हा शब्द सहज आलेला वाटत नाही. 1955 साली अस्पृश्यता (अपराध) अधिनियम आला आणि 1976 मध्ये त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले.

तेव्हा त्या मुलीला असे सांगता येईल की, जे 1937 साली न्यायालयाने म्हटले नाही, ते राज्यघटनेने म्हटले.

धुऱ्यावरचा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाषणाची सुरुवात पांदणीच्या उदाहरणानेच करीन, कारण समोर बसणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचे अर्ज तहसीलमध्ये पडून आहेत.

वकीलसाहेबांना एक शेवटची शंका विचारतो. आमच्या गावात गावविहीर आणि वस्तीची विहीर अशा दोन विहिरी होत्या. नळयोजना आल्यापासून दोन्ही पडून आहेत. गावविहिरीवर जाळी बसवली आहे आणि वस्तीच्या विहिरीत बाभूळ उगवली आहे. उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली की माझी आजी गावविहिरीपासून दहा पावलांवर रिकामी घागर ठेवून बसायची आणि कोणी वरून पाणी वाढेल याची वाट पाहायची. तेथे फलक नव्हता आणि कोणता ठरावही नव्हता. तुम्हांला विहिरीवर कोणी अडवले होते का, असे मी एकदा तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘अडवाले आमी गेलोच कुठी, बापू?’

असे उत्तर न्यायालयात कोणाच्या बाजूने धरले गेले असते?

दिवाणी_वहिवाट

तुमच्या आजीच्या बाजूने. ज्या वाटेवर कोणी कधी गेलेच नाही, तेथे अडवण्याची वहिवाट शाबीत करणे फार अवघड असते. उलटतपासणीत वादींच्या एखाद्या साक्षीदाराने ‘त्या बाया कधी आल्याच नाहीत, म्हणून अडवल्याही नाहीत’ असे म्हटले, तर प्रतिवादींचा वकील पुढचा प्रश्न न विचारता खाली बसतो.