लहानपणच्या पुण्याईवर? सचिन पिळगांवकरांबद्दल जरा स्पष्टच

कोथरूडचा_बोका
काल एका महाशयांनी लिहिलं, ‘सचिन म्हणजे लहानपणी गोड दिसलेला पोरगा, पुढची सगळी वर्षं त्याच पुण्याईवर काढली.’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. ‘महागुरू’वर (टीव्हीवरच्या नाच-स्पर्धेत परीक्षक असताना सचिनला पडलेलं नाव) विनोद केला की आपण आपोआप रसिक ठरतो, असा काहींचा समज दिसतो.

‘हा माझा मार्ग एकला’ केला तेव्हा हा मुलगा चार-पाच वर्षांचा. राजा परांजप्यांचं दिग्दर्शन. मग ‘मझली दीदी’, ‘ब्रह्मचारी’. त्या काळातले किती ‘मास्टर’ आणि ‘बेबी’ मिसरूड फुटल्यावर टिकले? हा १९७५ साली ‘गीत गाता चल’चा हीरो होता आणि त्याच वर्षी ‘शोले’त इमामसाहेबांचा अहमद. पुढे ‘अंखियों के झरोखों से’, ‘नदिया के पार’. ते ओसरायच्या आत मराठीत दिग्दर्शक. ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘गंमत जंमत’, आणि १९८८ ची ‘बनवाबनवी’, जिच्यावर तुमचं निम्मं मीम-साम्राज्य उभं आहे. ‘तू तू मैं मैं’चा दिग्दर्शकही तोच. गोड चेहऱ्यावर एवढं चालतं?

चिमटा
‘बनवाबनवी’ अशोकमामा (सराफ) आणि लक्ष्याची (बेर्डे) आहे. सचिन साडी नेसून मध्ये उभा होता.

कोथरूडचा_बोका
@चिमटा, त्या दोघांना इतकी मोकळी जागा पडद्यावर दिली कोणी? दिग्दर्शक स्वतः नट असून मागे सरकतो, हे दिसत नाही का?

चिमटा
पडद्यावर मागे सरकतो, ते मुलाखतीत भरून काढतो. प्रत्येक किस्स्यात कोणीतरी थोर माणूस याच्या पाठीवर थाप मारत असतो. ऐकणाऱ्याची पाठ दुखायला लागते.

माहीमची_माई
चार वर्षांचा असल्यापासून आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवतायत, मीनाकुमारीसमोर उभं केलंय, तर त्या मुलाला स्वतःबद्दल कसं बोलायचं हे शिकवणार कोण? मला त्याचा राग येत नाही, आईवडिलांचा येतो. सगळ्याच बालकलाकारांच्या आईवडिलांचा. आमची भाची एका मालिकेत होती. सकाळी मेकअप, दुपारी वाट बघणं, रात्री नवाला सीन. शाळेत नाव तेवढं होतं. आणि वहिनी अभिमानाने सांगायच्या, ‘ती कध्धी रडत नाही.’

खटला_चालू
मग बेकायदाच चाललं होतं. बालकामगार कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम वाचा. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत.

माहीमची_माई
वाचले. सेटवर भिंतीला चिकटवलेही होते. उरलेल्या ८० टक्क्यांचं काय, ते विचारा. वहिनींचा ओटा ग्रॅनाइटचा झाला.

दादरकर_ज्युनियर
माई, हे अति होतंय. माझा मुलगा जाहिराती करतो, त्याला आवडतं म्हणून करतो. रिॲलिटी शोमध्ये गाणारी पोरं, क्रिकेटच्या शिबिरात उन्हात तळणारी पोरं, ते चालतं? कॅमेरा आला की लगेच आईबाप राक्षस?

माहीमची_माई
आठ वर्षांच्या मुलाला ‘आवडतं’ म्हणे. त्याला रोज आइस्क्रीमही आवडत असेल.

दादरकर_ज्युनियर
माझ्या घरात डोकावायचं काम नाही. तुमच्या वहिनीशी भांडण असेल तर तिच्या दारात जाऊन भांडा.

पूर्वेचा_वारा
‘सलाम बॉम्बे’चा शफीक सय्यद आठवतो का कुणाला? राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सिनेमा ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि तो पुढे बंगळुरात रिक्षा चालवत होता. दादरकर, तुमच्या मुलामागे तुम्ही आहात. त्याच्यामागे कोण होतं? आणि सचिनच्या मागे घर होतं. वडील याच धंद्यातले. बोकोबांच्या पोस्टमध्ये हे कुठेच नाही.

कोथरूडचा_बोका
घराचा आधार होता, मान्य. पण आधार असलेली कितीतरी मुलंही विरून गेली. आणि धागा माझा आहे, विषय सचिन आहे.

खटला_चालू
सारिकाही ‘हमराज’मध्ये बेबी सारिका होती, मग ‘गीत गाता चल’ला याचीच नायिका. तिच्यावर कधी धागा निघत नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळवूनही.

चिमटा
कारण ती स्वतःची स्तुती करत नाही 🙂

जौनपूर_रिटर्न
नोकरीनिमित्त पूर्व उत्तर प्रदेशात राहिलोय. ‘नदिया के पार’चं चित्रीकरण तिकडच्याच गावांत झालं, त्यात सचिन म्हणजे चंदन. मी मराठी कळल्यावर घरमालक पहिलं काय बोलला असेल? ‘चंदन के गाँव के हो?’ नंतर भाड्यात सूटही दिली. तुम्ही पुण्यात बसून महागुरू-महागुरू करा, तिकडे माणूस अजून धोतर-कुर्त्यातला चंदन आहे.

चिमटा
भाड्यात सूट हा अभिनयाचा पुरावा. बरं. आणि ‘कट्यार काळजात घुसली’ सिनेमा?

कोथरूडचा_बोका
बघ, तूच काढलंस! वसंतराव देशपांड्यांनी मूळ नाटकात रंगभूमीवर उभा केलेला गवई खाँसाहेब, त्या भूमिकेला हात लावायला छाती लागते. ईर्ष्येने पोखरलेला माणूस त्याने डोळ्यांतून दाखवला.

चिमटा
आवाज राहुल देशपांडेचा होता. डोळे त्याचे, गळा दुसऱ्याचा, टाळ्या मात्र अखंड.

माहीमची_माई
गळा उसना असला तरी गाणं चालू असताना चेहरा धरून ठेवावा लागतो, बाबा. तेवढं मलाही पटलं. ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ या वेबमालिकेतला त्याचा जगदीश गुरवही बघ. त्यात ‘बघा मी कसा करतोय’ अजिबात दिसत नाही.

चिमटा
ठीक आहे. ज्या कामात त्याला कमी बोलायला दिलंय, त्या कामात तो उत्तम आहे. लेखी घ्या.

दादरकर_ज्युनियर
माई, आइस्क्रीमचं मागे घ्या.

माहीमची_माई
घेत नाही. मुदत ठेवीची पावती दाखवा, मग बघू.