रॉक फॉस्फेट आधी ढिगात मुरवा

भाऊ, रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची पूड) आणि तो स्फुरद विरघळवणाऱ्या अस्परजिलस नायजर बुरशीचं कल्चर थेट संत्र्याच्या आळ्यात टाकलं, तरी झाडाला स्फुरद (फॉस्फरस) मिळाला नाही म्हणता. खोट बहुधा कल्चरमध्ये नाही. आपल्या नागपूरकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत बुरशीने सोडलेलं ऑक्झॅलिक, सायट्रिक आम्ल आधी मोकळ्या चुन्यातच खर्ची पडतं, रॉक फॉस्फेटपर्यंत पोचतच नाही.

म्हणून हे काम ढिगातच उरका. बारीक केलेली पऱ्हाटी, सोयाबीनचं कुटार आणि ताजं शेण मिळून 100 किलो, त्यात 12 ते 15 किलो रॉक फॉस्फेट. ओल एवढीच, की मूठ दाबली तर हाताला ओलावा लागावा, पाणी टपकू नये. कल्चर पहिल्या दिवशी अजिबात नको! ढीग 60 अंशांपर्यंत तापतो, त्यात ही बुरशी टिकत नाही. पंधरवड्याने पलटी द्या, आत हात सहज ठेवता आला की मगच कल्चर मिसळा. त्याची काळी भुकटी उडते, तोंडाला फडकं बांधाच.

भुईमुगाला मात्र हे खत देऊ नका. त्याच्या रोपाचा बुंधा कुजवणारी बुरशी हीच, अस्परजिलस नायजर. आणि मायकोरायझा ही मुळांशी जोडून राहणारी दुसरी बुरशी ढिगात टाकू नका, ती जिवंत मुळांवरच वाढते. लागवडीच्या वेळी मुळाशी द्या.