मिनी प्रोजेक्ट: पोरांनी एकमेकांना मार्क द्यायचे, तर काय वापरता?

मेक_मास्तर: टीई, म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, मेकॅनिकल, 68 पोरं, चार-चारचे 17 गट. एक जण वर्कशॉपात घासतो, तिघे ब्लॅक बुकवर, म्हणजे प्रोजेक्टच्या रिपोर्टवर, नाव टाकून मोकळे. यंदा एकमेकांना मार्क द्यायला लावतोय. बजेट शून्य. काय वापरू?

परदेशी_पाटील: कॅटमी घ्या, पोरांनी एकमेकांना मार्क द्यायचं पर्ड्यू विद्यापीठाचं ऑनलाइन साधन. कामातला वाटा, सहकाऱ्यांशी वागणूक, गट रुळावर ठेवणं, दर्जाचा आग्रह, विषयाची जाण अशा पाच बाजू. 3 मार्क म्हणजे नक्की कसं वागणं, तेही लिहिलेलं असतं. लायसन्स काढा.

सांगलीकर: शून्य म्हणालेत हो ते! गूगल फॉर्म करा. फक्त उत्तरांच्या शीटची लिंक बॅचच्या ग्रुपवर टाकू नका. मी टाकली. रात्री अकराला हॉस्टेलमधून वॉर्डनचा फोन.

कोड_काकू: वेबपीए हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट आहे, लफबरो विद्यापीठाचं. सर्व्हरवर चढवणारा माणूस मात्र हवा. नाहीतर एक्सेल: प्रत्येकाला मिळालेली सरासरी भागिले गटाची सरासरी, हा त्याचा गुणक; त्याने गटाचे मार्क गुणायचे. सरासऱ्या 4, 4, 4, 2 असतील तर गटाची 3.5. गटाला 40 मार्क, तर कामचुकाराला 40 × 2 ÷ 3.5, म्हणजे 23 च्या आसपास. बाकीच्यांचा गुणक 1.14 येतो, तो 1.05 वर छाटा. आणि स्वतःचे मार्क स्वतःला देऊ देऊ नका.

जुना_एचओडी: मुळात गट रोल नंबरने पाडा. आम्ही 20 वर्षं तेच केलं, कुणाची तक्रार नाही.

सांगलीकर: सर, तक्रार तुमच्यापर्यंत पोचत नसेल.

जुना_एचओडी: माझ्या केबिनचं दार उघडं असायचं.

बीई_वैतागलेली: मी विद्यार्थिनी. आमच्याकडे 100 मार्क वाटायला दिले होते. गटाने कॅन्टीनमध्ये बसून सगळ्यांना 25-25 ठरवलं. रिपोर्ट मी एकटीने लिहिला, मलाही 25. ते सोडून काहीही करा. आणि फक्त शेवटी घेऊ नका, सेमच्या मध्येही एकदा घ्या.

नाशिक_ट्रॉनिक्स: स्वतःला मार्क देऊ देऊ नका, हे महत्त्वाचं.

कोड_काकू: लिहिलंय वर.

नाशिक_ट्रॉनिक्स: एनबीएच्या, म्हणजे कोर्सला मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, फाइलला टीमवर्कचा पुरावा म्हणून तेच कागद लागतात, जपून ठेवा.

मेक_मास्तर: सगळ्यांचे आभार. 100 मार्क वाटायलाच देतोय, पण तीन सोबत्यांत, कागदावर, लॅबमध्ये माझ्यासमोर. दोघांना सारखे दिले की चिठ्ठी परत.

बीई_वैतागलेली: मग 34-33-33 येईल, आणि त्यातही दोन सारखेच. सगळ्या चिठ्ठ्या परत कराल का?

मेक_मास्तर: हं. मग निदान पाचाचा फरक ठेवायला लावतो.