मदत हवी आहे : आठ वर्षांच्या मुलाचा नकार किती मोजायचा?

आमच्याकडे पुतण्याच्या मुंजीचं चाललंय. मुलगा आठ वर्षांचा, आणि केस काढायला ठाम नाही म्हणतो. दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरून त्यानं मला विचारलं, "काकू, केस माझेच आहेत ना?" सासूबाई म्हणतात, पोराला काय कळतंय. मला ते पटत नाही, पण त्यांना नीट उत्तरही देता येत नाही.

थोडं वाचलं. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याचं तत्त्व मांडलं, पण लहान मुलांना त्यातून सरळ वगळलं. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं १२ वं कलम म्हणतं, मुलाच्या मताला त्याचं वय आणि समज पाहून महत्त्व द्या. भारतानंही १९९२ मध्ये तो करार मान्य केला. पण महत्त्व द्यायचं म्हणजे ऐकून घेऊन शेवटी आपलंच करायचं का? अमेरिकी तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग म्हणतो, मुलांचे काही हक्क मोठेपणासाठी राखून ठेवायचे असतात. शिक्षण किंवा लग्नाबाबत हे पटतं. केस मात्र परत येतात, त्यानं भविष्य अडत नाही. तरी आज त्याच्यावर होणारी जबरदस्ती खरीच आहे ना? मूल आजच पूर्ण माणूस असतं असं मला वाटतं.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यावर मराठीत काही वाचायला सुचवावं. आणि केस न काढता मुंज केली असेल, तर घरातल्या मोठ्यांना आणि गुरुजींना कसं समजावलंत, तेही कृपया सविस्तर लिहा.